पंचवीस अधिक

१

भिंत पडली त्याच्या चौथ्या दिवशी काटेवाल्याची लेक माझ्या दारात उभी राहिली. हातात कागदांची गुंडाळी होती. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने पाण्याला हात लावला नाही, कागद तेवढे टेबलावर पसरले.

ती भिंत म्हणजे टेकडी अडवून धरणारी दगडी भिंत, आणि तिच्या पायथ्याशी आमच्या ऑफिसच्या कामगारांच्या क्वार्टर्स. भिंतीला भेगा होत्या आणि भेगांवर चौदा गेज बसवलेले होते. गेज म्हणजे घड्याळासारखी एक तबकडी. भेग रुंदावली की आतला काटा पुढे सरकतो, शून्यापासून पंचवीस मिलिमीटरपर्यंत. रोज सकाळी चौदा काटे वाचायचे आणि आकडे ऑफिसला पाठवायचे एवढंच ज्याचं काम, त्याला आम्ही काटेवाला म्हणायचो. रिटायर होईपर्यंत सत्तावीस वर्षं मी त्याचा वरिष्ठ होतो. काटा कसा वाचायचा ते त्याला मी शिकवलं, म्हणून तो मला मास्तर म्हणायला लागला आणि त्याचं ऐकून सगळं ऑफिस तेच म्हणायला लागलं.

भिंत सकाळी अकराला पडली. तिच्याखाली तीन माणसं गेली. शेजारच्या घरातले दोन भाऊ, आणि काटेवाल्याची बायको.

लेकीने आणलेले कागद ऑफिसच्या रोजच्या रिपोर्टचे होते. कुठला गेज कालपेक्षा आज किती सरकला, याचा तो तक्ता. नवव्या गेजसमोर शेवटच्या सहाही दिवशी एकच आकडा होता, ०.३. तिने प्रत्येकाभोवती पेनाने गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, "सहाही दिवस?" अक्षर लगबगीचं, डोक्यावर रेघ न देता लिहिलेलं. शाळेत असल्यापासून तिची ती खोड होती आणि मी तिला त्यावरून कैकदा टोकलं होतं.

चौकशी समितीचं म्हणणं तिने थोडक्यात सांगितलं. जिवंत भिंत सहा दिवस मोजून मापून सरकत नाही. म्हणजे हा माणूस भिंतीवर गेलाच नाही, घरी बसून रोज कालच्या आकड्यात ०.३ मिळवून लिहीत राहिला.

"काका, बाबा बोलतच नाहीत," ती म्हणाली. "केलं म्हणत नाहीत, केलं नाही असंही म्हणत नाहीत. सोमवारी त्यांचा जबाब आहे. त्याआधी तुम्ही शोधून काढा. त्यांनी खोटं लिहिलं असेल, तर मी त्यांच्याबरोबर एक दिवस राहणार नाही. आईला ज्यांनी मारलं त्यांना मला जेवायला वाढता येणार नाही."

मी म्हटलं, जे निघेल ते सगळ्यांना पेलवेलच असं नाही.

"जे निघेल ते सांगा."

ती गेल्यावर मी तो तक्ता पुन्हा पाहिला. समितीवर तोंडसुख घ्यायला मला आवडलं असतं, पण समितीचं म्हणणं खरं होतं. कुठलाही गेज सहा दिवस रोज नेमका तेवढाच सरकत नाही. कोणीतरी खोटं बोललं होतं.

२

त्यांना ऑफिसच्या गेस्टहाउसमधली एक खोली तात्पुरती दिली होती. काटेवाला खाटेच्या कडेला बसला होता. कोपऱ्यात त्याच्या बायकोची चालायची काठी, ढिगाऱ्यातून निघालेली. तिच्या रबरी बुडाला अजून माती होती.

मी त्याच्याशी पूर्वी कामावर बोलायचो तसं बोललो, दुखवट्याचं काही बोललो नाही. नवव्याचा काटा कुठे होता रे, एवढंच विचारलं. त्याने तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. वही कुठेय विचारलं, तर "गाडली" म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो एकच शब्द.

मग लेकच बोलत राहिली. काठीकडे बघून म्हणाली, ही तरी कुठे आईची होती, ही त्या भोंग्याची देणगी. मागच्या वर्षी भिंतीचा भोंगा उगाच वाजला. माणसं हातातलं टाकून धावली, आई पायऱ्यांवरून पडली, मांडीचं हाड मोडलं. दोन दिवसांनी कळलं की कुठल्याशा गेजची काच धुरकटली होती, बाकी काही नव्हतं.

"मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं," ती म्हणाली. "आणि या वेळी खरंच वाजायला हवा होता, तर वाजला नाही. पाय धड असता तर आई पळाली तरी असती."

काटेवाल्याने मान खाली घातली. मला वाटलं, बायकोच्या आठवणीने. मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट खुपत होती. हा माणूस दोषी असता तर त्याने मला टाळलं असतं आणि निर्दोष असता तर माझा हात धरला असता. तो माझ्याकडे पाहतच नव्हता, तो सारखा लेकीकडे पाहत होता.

३

ऑफिसच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, सोबत कोण, कामाचं कारण. मी म्हटलं, अरे बाबा, सत्तावीस वर्षं या गेटातून गेलो, मलाही? तो म्हणाला, मास्तर, देव आला तरी सही लागेल, आणि आम्ही रजिस्टर दहा वर्षं टाकत नाही. मी कारणाच्या रकान्यात "चौकशी" लिहिलं आणि कुरकुरत आत गेलो.

साहेबांनी चहा मागवला आणि कानावर हात ठेवले. ते म्हणाले, मी रिपोर्ट बघतो, गेज बघत नाही. रिपोर्टात ०.३ होतं. एका दिवसात दोन मिलिमीटरच्या वर काही गेलं की भोंगा आपोआप वाजतो, माणसाचा हातच लागत नाही. मी विचारलं, तुम्ही कधी वर चढून गेज पाहिलाय का? ते म्हणाले, फोटो पाहिलेत. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस निदान उंटावर तरी चढतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

हेडक्लार्क घाबरलेला होता. रिपोर्ट छापून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. काटेवाल्याशी बोलणं व्हायचं का विचारलं, तर आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, एकदा फोन आला होता. भिंत पडायच्या तीन दिवस आधी.

"काय म्हणाला?"

"आजचे आकडे मिळाले का, एवढंच. मी म्हटलं, मिळाले, रिपोर्ट व्यवस्थित आहे. मग 'बरं' म्हणून ठेवून दिला."

मी खुर्चीत मागे टेकलो. घरी बसून आकडे रचणारा माणूस, मिळाले का म्हणून फोन करत नाही. चोर कधी मालकाला विचारत नाही, तुमची तिजोरी बघितलीत का. काटेवाला भिंतीवर जात होता. त्याने काहीतरी पाठवलं होतं, आणि साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचं ०.३ झालं होतं.

४

मधल्या वाटेवर फक्त एक व्यक्ती होती. प्रोग्रामर बाई. काटेवाला मोबाइलवरून आकडे पाठवायचा, ते ऑफिसच्या शीटमध्ये जाऊन बसायचे, शीट आजच्यातून कालचा आकडा वजा करायची आणि या बाईंनी लिहिलेली स्क्रिप्ट ती वजाबाकी वाचून रिपोर्ट बनवायची. त्या एका अरुंद खोलीत दोन स्क्रीनच्या मधोमध बसल्या होत्या. चार दिवसांत झोप झाली नसावी.

मी म्हटलं, मला रिपोर्ट नको, शीट दाखवा.

"ती अजून कोणी मागितलीच नाही," त्या म्हणाल्या. "समितीने फक्त रिपोर्ट नेले. मी स्वतः आज सकाळी उघडली."

नववा गेज. त्यांनी बोट ठेवलं. १७.५, १७.८, १८.१. आणि त्यानंतर सहा दिवस, सहा चौकटींत, तेच ते: २५+.

मी सहाही चौकटी पुन्हा एकदा वाचल्या.

काटा तबकडीच्या शेवटी जाऊन टेकला की पुढे किती ते कळत नाही. अशा वेळी अंदाजाने आकडा घालायचा नाही आणि चौकट रिकामीही सोडायची नाही. पंचवीस लिहायचं आणि पुढे अधिकची खूण करायची. म्हणजे काटा संपला, भेग संपलेली नाही. आमच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहितात. पंचवीस अधिक दिसलं की जुना माणूस वही टाकून आधी माणसं बाहेर काढायचा. काटेवाल्याला ते मीच शिकवलं होतं.

"मशीनला हा आकडा नाही," बाई म्हणाल्या. "नुसती अक्षरं आहेत. अक्षरांतून अठरा वजा करता येत नाहीत."

शेजारच्या रकान्यात सहा चौकटींमध्ये जाळीचं चिन्ह आणि व्हॅल्यू अशी चूक आलेली होती. म्हणजे हिशेब जमला नाही, अशी शीटची कबुली. स्क्रिप्टने ती चूक वाचली आणि तिच्या जागी शेवटची धड हालचाल धरली. १८.१ वजा १७.८, ०.३. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मग रोज. सुंठीवाचून खोकला गेला असं समजून सगळे निवांत बसले, आणि तिकडे भिंत उलत होती.

"ही ओळ तुम्ही लिहिलीत?"

"मीच. पण आधी वेगळी होती. आधी कुठेही चूक आली की रिपोर्ट थांबायचा आणि भोंगा वाजायचा. काच धुरकटली म्हणून आकड्याऐवजी 'दिसत नाही' असं लिहून आलं, तरीसुद्धा." त्यांनी ओळ दाखवली. वर शेरा होता: चूक आली तर कालची हालचाल धरणे. मागणीवरून. खाली मागच्या वर्षीची तारीख.

म्हणजे ती ओळ पूर्वीसारखी असती, तर पहिल्याच सकाळी भोंगा वाजला असता. सहा दिवस हातात होते. काठी टेकत टेकत का होईना, काटेवाल्याची बायको सहा दिवसांत कुठल्या कुठे गेली असती.

मी विचारलं, मागणी कोणाची? साहेबांची?

त्या ताकास तूर लावू देईनात. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाल्या, "समितीला माझं नाव सांगा. ओळ माझी आहे. मी विचारलंही होतं, काच धुरकटणं आणि काटा अडकणं सोडून आणखी कशाने चूक येते का? नाही म्हणाले. मी विश्वास ठेवला. पुढचं मी सांगणार नाही, मास्तर. त्या माणसाचं आता काही उरलेलं नाही."

५

पायऱ्या उतरताना मी जोड लावत होतो. साहेबांनी गेजचे फोटोच पाहिलेले. हेडक्लार्कने तेही नाही. काच धुरकटते आणि काटा अडकतो हे ठामपणे सांगणारा माणूस भिंतीवर चढणारा हवा. तिथे चढणारे दोनच. एक मी, आणि मी तर त्याआधीच रिटायर झालो होतो.

पण बाईंनी विचारल्यावर त्याने 'नाही' असं का सांगावं? तेही मला कळलं आणि कळल्यावर गेटाजवळच्या बाकावर बसावं लागलं. त्याच्या दृष्टीने २५+ ही चूक नव्हतीच. तो आकडा होता, सगळ्यांत मोठा आकडा. मशीन त्याला आणि धुरकटलेल्या काचेला एकाच पोत्यात घालतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

आणि बाईंना तरी कोण सांगणार होतं? शीट नवी आली तेव्हा तपासून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. माझी ती शेवटची सही. मी तीन, सात, बारा, असले गोंडस आकडे घालून पाहिले आणि उत्तम म्हणून शेरा मारला. अधिकची खूण घालून पाहिली नाही. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती कोणी कोणाला सांगत नाही, आणि त्या खोलीत ती माहीत असलेला मी एकटाच होतो. हे आठवून मला स्वतःची किळस आली.

मी वॉचमनला मागच्या वर्षीचं रजिस्टर काढायला लावलं. शेऱ्यावरच्या तारखेचं पान. चौथ्या ओळीत काटेवाल्याची सही, त्याची ती ओबडधोबड. पण बाकीचे रकाने त्याने भरलेले नव्हते. सोबत: मुलगी. कामाचं कारण: भोंगा उगाच वाजतो त्याबद्दल तक्रार.

डोक्यावर रेघ न दिलेलं, लगबगीचं अक्षर.

६

दुपारी लेक काही कागदपत्रं आणायला गेली होती. मी काटेवाल्याच्या समोर बसलो आणि म्हटलं, शीट पाहिली, रजिस्टरही पाहिलं. तेव्हा कुठे तो बोलला.

पहिल्या दिवशी पंचवीस अधिक पाठवलं आणि तो भिंतीवरच उभा राहिला, आता भोंगा वाजेल म्हणून. वाजला नाही. वर शिकलेली माणसं आहेत, बघून ठरवलं असेल, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी फोन केला, तर व्यवस्थित आहे म्हणाले. बायकोला म्हणाला, सामान बांधून ठेव. ती म्हणाली, मागच्यासारखं उगाच नाही पळायचं मला.

"मग समितीला हे सांगत का नाहीस?"

"सांगितलं की विचारतील, मशीनला गप्प कोणी केलं. मी म्हणेन, मी. मग विचारतील, का." तो काठीकडे बघत होता. "आईचा पाय प्लास्टरमध्ये बघून पोर म्हणाली, बाबा, ऑफिसात जाऊन सांगा त्यांना, एवढ्यातेवढ्याला माणसं पळवू नका म्हणावं. कुठलीही पोर म्हणाली असती. मास्तर, मला खोटारडा म्हणू दे तिला. मला सोडून जाईल, पण जगेल. हे कळलं तर ती जगायची नाही."

मी त्याला माझ्या शेवटच्या सहीचं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही खरं लिहायला शिकवलंत, तुमचा काय दोष. त्याचं ते बोलणं मला शिवीपेक्षा लागलं.

लेक आली. मी तिला निम्मं सांगितलं. तुझ्या बाबांनी सहाही दिवस खरा आकडा पाठवला, तो मशीनला वाचता आला नाही आणि त्याने कालचा चिकटवला. मी मास्तरकीच्या सवयीने हेही बोलून गेलो की, उत्तर येत नाही म्हणजे काही नाही असं नसतं, उलट तेव्हाच काहीतरी मापाबाहेर गेलेलं असतं. ती खाली बसली आणि बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडली. पाच दिवसांत पहिल्यांदा. त्या वेळी मला वाटलं, इथेच थांबावं.

पण ती माझ्याकडे वळली. "काका, कालचा चिकटवायचा, हे मशीनला कोणी सांगायला लावलं?"

मी आयुष्यभर माणसांना शिकवलं होतं की चौकट रिकामी सोडायची नाही. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. काटेवाला खिडकीकडे बघू लागला.

ती आमच्या दोघांकडे बघत राहिली. आधी माझ्याकडे, मग बापाकडे, मग कोपऱ्यातल्या काठीकडे. आमच्याकडून काहीच येत नव्हतं, आणि त्याचा अर्थ काय ते मीच तिला नुकतं सांगितलं होतं.

"मी खाली बाकावर बसले होते," ती अगदी हळू म्हणाली. "बाबा एकटेच वर गेले. परत येताना म्हणाले, झालं तुझं काम."

काटेवाल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडली नाही, हाताखालून सरकलीही नाही. तशीच बसून राहिली, आणि तिला तसं बसलेलं बघण्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारच्या जबाबाचा कागद मी तिथेच लिहिला. शीट न तपासता सही केली, म्हणून पहिलं नाव माझं घातलं. मग सहा दिवसांचे सहा आकडे, अधिकच्या खुणेसकट. मग "मागणी कोणाची" असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली, कारण माझा हात पुढे जाईना. काटेवाल्याने माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. तो नको नको म्हणत राहिला.

त्याच्या नावाखाली, डोक्यावर रेघ न देता, आणखी एक नाव आलं. मी ते वाचलं आणि कागदाची घडी घातली.